त्या जोडप्याला काय सांगायचं?

"रिपोर्ट घेऊन समोर बसलेल्या त्या दोघांना मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा ताई," वहिनी म्हणाली आणि गेली कित्येक वर्षं दोघींनी टाळलेला विषय एकदाचा निघाला.

वहिनी इचलकरंजीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझी थोरली बहीण कोल्हापुरात राहते. तिचा मुलगा ३१ वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. नणंद-भावजयीचं एरवी उत्तम जमतं, पण एकीच्या दवाखान्यात रोज काय घडतं हे दुसरीला माहीत असल्यामुळे या वाटेला दोघी जात नसत. त्या दुपारचं बोलणं लिहिण्याची परवानगी मी दोघींकडून घेतली आणि भाच्याकडूनही. तो म्हणाला, "बेकरीचं लिही. नाव नको." म्हणून कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. माझं मन ताईकडे झुकतं, हे आधीच सांगते. तरीही वहिनीचे काही प्रश्न असे आहेत की त्यांना वळसा घालून पुढे जाणं मला जमलेलं नाही.

वहिनी: बाई २९ वर्षांची, पहिलटकरीण. नवरा यंत्रमागावर कामाला. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी जास्त दिसली, डबल मार्कर या रक्तचाचणीतही धोका जास्त आला. ही चाचणी फक्त शक्यता सांगते, हे मी नीट समजावलं. मग गर्भजल तपासलं, तेव्हा २१ व्या जागी दोनऐवजी तीन गुणसूत्रं निघाली. शंका उरली नाही. त्यांनी एकच विचारलं, 'बाळ नॉर्मल होईल का?' मी नाही म्हणाले. त्यांनी गर्भपात करून घेतला. कायद्यात बसणारा, स्वतःच्या मर्जीनं.

ताई: 'नाही' म्हणालीस, आणि मग?

वहिनी: मग सगळं सांगितलं. बुद्धीची वाढ कमी राहील. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. थायरॉइड बिघडतं, ऐकायला कमी येऊ शकतं. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त. आयुष्यभर कुणीतरी सोबत लागेल. यात खोटं काय आहे?

ताई: खोटं काहीच नाही. माझ्या मुलाच्या हृदयाला भोक होतं. तो दोन वर्षांचा असताना ऑपरेशन झालं. त्या महिन्यात मी माणसात नव्हते. थायरॉइडची गोळी त्याला आहे, मलाही आहे. दोघांच्या गोळ्यांची आठवण तोच ठेवतो. सकाळी स्वतः आंघोळ करतो, डबा घेतो, दहाला बेकरीत जातो, खारी आणि टोस्ट पिशव्यांत भरतो, वजन करतो, दोनला घरी येतो. त्याला हिशेब येत नाही. रस्ता ओलांडताना अजून मला धाकधूक होते. यातलं काही सांगितलंस त्यांना?

वहिनी: ते प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. एखादं मूल बोलायलाही शिकत नाही. मी चांगलं चित्र रंगवायचं आणि उद्या त्यांच्या वाट्याला अवघड मूल यायचं?

ताई: चांगलं रंगवू नकोस. पण वाईट तेवढं सांगितलंस, तर तेही रंगवणंच झालं.

इथे मी मध्ये पडले, कारण मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरनं या मुलांचं वर्णन केलं. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये जेरोम लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. आणि अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही माणसं जेमतेम पंचविशीपर्यंत जगत. आज साठीपर्यंत जगतात. गुणसूत्र तेव्हा होतं तेच आहे. त्यावर कुठलं औषध निघालेलं नाही. बदललं ते एवढंच, की डॉक्टर त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करू लागले आणि आईबाप त्यांना संस्थेत टाकून देण्याऐवजी घरी वाढवू लागले. आधी अशा मुलांवर शस्त्रक्रिया करायची कशाला, असं मानणारे डॉक्टर होते. म्हणजे ज्या लवकर येणाऱ्या मृत्यूला लोक त्या स्थितीचा भाग समजत होते, त्यातला मोठा हिस्सा भोवतालच्या माणसांनी ठरवलेला होता. 'नॉर्मल होईल का' या प्रश्नाचं उत्तर देताना हा हिस्सा वेगळा काढून दाखवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

वहिनीनं हे ऐकून घेतलं. पण तिच्यासमोर रोज बसणाऱ्या बाईचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता.

वहिनी: तुम्हाला २०१७ चा निकाल आठवतो? महाराष्ट्रातली ३७ वर्षांची बाई सर्वोच्च न्यायालयात गेली होती. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे हे कळेपर्यंत २६ आठवडे झाले होते. आईच्या जिवाला धोका नाही म्हणून न्यायालयानं परवानगी नाकारली. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. मला वाटलं होतं, ज्यांनी निकाल दिला त्यांच्यापैकी कुणी ते मूल वाढवायला जाणार आहे का? २०२१ मध्ये कायदा बदलला. बाळात गंभीर दोष असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. मला तो बदल हवा होता आणि आजही योग्य वाटतो.

ताई: मलाही योग्य वाटतो.

वहिनी थोडी थबकली. तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

ताई: बाईवर सक्ती करा, असं मी कधी म्हणाले? माझं म्हणणं वेगळं आहे. डेन्मार्कमध्ये २००४ पासून प्रत्येक गर्भवतीला ही तपासणी देऊ केली जाते. तिथे निदान झालेल्या बहुतेक सगळ्या जणी गर्भपात करतात. प्रत्येकीचा निर्णय तिचा स्वतःचा. पण सगळ्यांचा निर्णय एकच येतो, तेव्हा त्या खोलीत आधीपासून काहीतरी ठरलेलं असतं. तुझ्या खोलीतही ठरलेलं असतं. तुझ्याकडून एक वाक्य येतं, बाहेर सासू बसलेली असते, तिच्याकडून दुसरं.

वहिनी: सासूचं खरं आहे. 'ग्रहणात बाहेर पडली असेल' हे मी या वर्षीही ऐकलं.

या बाबतीत दोघींचं एकमत झालं आणि दोघीही तळमळून बोलल्या. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या ९५ मुलांमध्ये हे घडतं ते बहुधा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी वेगळी न झाल्यामुळे. त्यात आईच्या खाण्याचा, रागाचा, ग्रहणाचा, पूर्वजांच्या पापाचा काही संबंध नाही. शंभरातल्या तिघा-चौघांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. त्यातल्याच काही घरांमध्ये तो आईबापाकडून आलेला असतो आणि तसं असेल तर तपासणीत कळतं. आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते. पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. पण मुळात बाळंतपणं तरुण वयात जास्त होतात, त्यामुळे अशी बरीच मुलं तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. भाचा जन्मला तेव्हा ताई २७ वर्षांची होती.

तरीही तिच्या मुलीला स्थळं बघताना काय झालं, ते मी पाहिलं आहे. मुलगी इंजिनिअर, नोकरी चांगली. तीन घरांनी भाऊ पाहिल्यावर पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. त्यातल्या एका घरात डॉक्टर होता. ताईनं तेव्हाही मुलाला आतल्या खोलीत बसवलं नाही. ज्या घरात भाचीनं पुढे लग्न केलं, तिथले लोक पहिल्या भेटीत भाच्याशी बोलले, त्याच्याबद्दल बोलले नाहीत.

ताई: तू विचारतेस ना काय सांगायचं. हेही सांग. बालवाडीला तीन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, 'बाकीचे पालक मुलं काढून घेतील.' २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शाळेला असं म्हणता येत नाही. पण १९९८ मध्ये म्हणत होते आणि आज वेगळ्या शब्दांत म्हणतात. 'आमच्याकडे विशेष शिक्षक नाही', 'त्याच्याच भल्यासाठी'. मुंबईत १९४४ साली डॉ. होरमसजी आणि तेहमिना वकील यांनी आपल्या जय नावाच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तिला डाउन सिंड्रोम होता. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये 'कामायनी' काढली. म्हणजे शिकवता येतं हे माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. शहराशहरांत एखाद्या आईबापानं, एखाद्या बाईनं हट्ट धरला तिथे झालं. बाकी ठिकाणी आम्ही बसनं हिंडलो.

वहिनी: म्हणूनच मी म्हणते. तुम्ही हिंडू शकलात. भाऊजींची पक्की नोकरी होती, घर स्वतःचं होतं, तुम्ही बीएड होतात. तरी तुम्हाला शाळेतली नोकरी सोडावी लागली. भाऊजींनी सोडली नाही. माझ्यासमोर बसलेली बाई गारमेंटमध्ये कामाला जाते. तिनं काम सोडलं तर घरात महिन्याला भाकरी कमी पडते. समाज सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत सगळा भार त्या एका बाईनं वाहायचा? तुम्ही समाजाशी भांडण मांडता आणि किंमत तिच्याकडून मागता.

ताई बराच वेळ गप्प होती. मीही. या प्रश्नाला गोड उत्तर नाही आणि ताईनं ते दिलंही नाही.

ताई: नोकरीचं खरं आहे. मी अजून शाळेवरून जाते तेव्हा मला ते टोचतं. माझ्या मुलामुळे गेली, असं मात्र मला वाटत नाही. नवऱ्यानं, शाळेनं, पाळणाघरानं, कुणीच अर्धा भार उचलला नाही, म्हणून गेली. तुझ्या त्या बाईला मी हो म्हण असं सांगणार नाही. पण तिला निदान हे तरी कळू दे, की ती कशाला नाही म्हणतेय. बाळाला, की या एकटेपणाला.

वहिनी: तिच्यासाठी दोन्ही एकच आहे, ताई.

या वाक्यापुढे मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण ते एकच होऊन बसलं, यात आपला सगळ्यांचा हात आहे, हे मला खोडता येत नाही.

मग बोलणं एका जुन्या घटनेकडे वळलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं होतं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. वहिनी तेव्हा पुण्यात एमबीबीएसला होती. वर्गात तावातावानं चर्चा झाली आणि बहुतेकांना त्यात गैर वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. वसतिगृहात पुरेशा मदतनीस बायका नव्हत्या, मुलींना शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मुलींच्या शरीरातून अवयव काढायचा. पुढे २००९ मध्ये चंडीगढच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. तिला मूल हवं होतं. शिरूरच्या मुलींना कुणी विचारलं होतं, असं वहिनीला आठवत नाही.

ताई: शिरूरचं झालं त्याच वर्षी माझा मुलगा जन्मला. मी पेपरात ते वाचलं आणि पहिल्यांदा भीती वाटली ती त्याच्या आजाराची नव्हती. आम्ही नसताना त्याच्या देहाचं काय करायचं हे दुसरं कुणी ठरवेल, याची होती.

तेव्हा वहिनीनं तो प्रश्न विचारला, जो अशा प्रत्येक घरात असतो आणि ज्याच्याभोवती सगळे दबकत फिरतात.

वहिनी: ताई, तुमच्यानंतर कोण?

ताई: तू घेशील?

वहिनी: खरं सांगू? मी ५२ वर्षांची आहे. तुमच्यानंतर म्हणजे मी सत्तरीला आलेली असेन. मी आत्ता हो म्हणाले, तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल. त्याला अल्झायमर झाला, तर मला झेपणार नाही.

मला वहिनीचा हा प्रामाणिकपणा त्या दुपारच्या सगळ्या बोलण्यात मोलाचा वाटला. नातेवाईक सहसा 'आम्ही आहोत ना' म्हणतात, आणि त्या तीन शब्दांवर विसंबून आईबाप कागद करत नाहीत. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्यानं सज्ञान होतो. बँकेत खातं चालवायला, वारशाचा हक्क सांगायला अडचणी येतात. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या कायद्यानं त्यात आणखी एक विचार आणला. पालकानं त्या व्यक्तीच्या वतीनं सगळं ठरवायचं नाही, तिच्याशी बोलून, लागेल तेवढ्यापुरतं ठरवायचं. ताईनं प्रमाणपत्र घेतलं आहे. तिच्यानंतर भाचीचं नाव लागेल, बँकेचं मी बघेन, दुखण्याखुपण्याचं वहिनी. वहिनीनं यातलं शेवटचं आपण होऊन मागून घेतलं. राहायचं कुठे, हे मात्र अजून ठरलेलं नाही. भाच्याला कोल्हापूर सोडायचं नाही, कारण बेकरी कोल्हापुरात आहे. मोठ्या झालेल्या अशा माणसांनी थोड्या मदतीनं तिघा-चौघांत मिळून राहावं, अशी घरं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तालुक्याला तर नाहीतच. शाळेबद्दल तरी आपण बोलतो. चाळीस वर्षांच्या माणसाबद्दल बोलतच नाही. जणू ही मुलं मोठी होत नाहीत.

ताई: लोक माझ्यापुढे त्याला देवाघरचं मूल म्हणतात. कसा निर्मळ, कसा निष्पाप. तो निष्पाप नाही. खोटं बोलतो, हट्ट करतो, बेकरीतल्या एका मुलीवर त्याचं मन आहे. मालक दोन वर्षं त्याला महिन्याच्या शेवटी खाऊचे पैसे देत होते. दुसऱ्यांना पगार, याला खाऊ. त्याला ते कळत होतं. त्यानं मला सांगितलं, 'मला पण पाकीट पाहिजे.' मी जाऊन भांडले, तेव्हा मालकांना खरंच वाईट वाटलं; आपण उपकार करतोय असं त्यांना वाटत होतं. देवाच्या मुलाला पगार कशाला लागतो!

वहिनी: पण पदकं मिळवणारी मुलंही आहेत की. डाउन सिंड्रोम असलेली गौरी गाडगीळ पोहते, तिच्यावरच्या 'यलो' सिनेमात तिनं स्वतः काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचं नाव आलं. मी माझ्या पेशंटना तो सिनेमा बघा म्हणून सांगते.

ताई: जरूर सांग. २०१४ मध्ये आम्ही तो थेटरात पाहिला, शेवटी हा उभा राहून टाळ्या वाजवत होता. पण घरी येताना शेजारीण म्हणाली, 'बघा, तुम्हीही याला काहीतरी शिकवलं असतं तर.' तेव्हापासून मला भीती वाटते. पदक मिळालं तर माणूस, नाहीतर ओझं. बाकीच्यांना जगायला पदक लागत नाही.

संध्याकाळ होत आली होती. वहिनीला परत जायचं होतं. रात्री तिच्याकडे एक बाळंतपण होतं. निघताना तिनं पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी वेगळ्या सुरात.

वहिनी: पुढच्या वेळी असं जोडपं आलं, तर तुमचा नंबर देऊ?

ताई: दे. पण रिपोर्ट आला त्याच दिवशी नको, एक रात्र जाऊ दे त्यांची. आणि फक्त मलाच नको. जिला नाही म्हणावं लागलं आणि जी बोलायला तयार आहे, अशी एखादी बाईही असेल तुझ्या ओळखीत. तिच्याशीही बोलू दे.

वहिनी: आणि तुमच्याशी बोलून त्यांनी गर्भपातच केला, तर?

ताई: तर ती माझ्याकडे पुन्हा चहाला येऊ शकेल, असं मी वागेन. तू तिला मुदत किती आहे ते नीट सांग, घाई करू नकोस.

वहिनी: मुदतीत घाई करावीच लागते, ताई. वैद्यकीय मंडळाकडे जायची वेळ आली, तर दिवस जातात.

ताई: मग तिला तेही सांग. आणि त्यांना घरी आणशील तर दोननंतर आण. त्याआधी तो कामावर असतो आणि त्याला बघायला कुणी आलेलं त्याला आवडत नाही. माझ्याशी बोलायला आले असतील, तर चालेल.